मे महिन्यातली थंडी

"मॅडम, ओटीपोटात थंडी बसलीय," असं तिनं सांगितलं तेव्हा माझ्या दवाखान्यातला पंखा पाचवर फिरत होता आणि माझी पाठ घामानं भिजली होती. मे महिन्यातली दुपार, रबाळे स्टेशनवरून चालत येणाऱ्याच्या चपलेला डांबर चिकटावं असं ऊन. ही सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी मात्र पायात लोकरीचे मोजे घालून, दोन्ही हात ओटीपोटावर दाबून समोर बसली होती.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं त्याला आता वीस वर्षं होत आली. ठाण्याहून तुर्भ्याकडे लोकल 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात मी गोठिवलीच्या तोंडाशी दोन खोल्यांचा दवाखाना थाटला. तेव्हा केसपेपरवर मी 'ओटीपोटात वेदना' एवढंच लिहायचे. थंडी हा बायकांचा शब्द होता, वेदना हा माझा. हल्ली मी त्यांचा शब्द आधी लिहिते, तसाच्या तसा, आणि लगेच विचारते, "काम कुठे करतेस?"

आयुर्वेद शिकताना आम्हाला वाताचे गुण पाठ करावे लागत. रूक्ष, शीत, लघु, सूक्ष्म, चल, खर. ओटीपोटातला वात तो अपान. पाळी, लघवी, शौच, बाळाचा जन्म हे सगळं त्याच्या अंमलाखाली. तो गारठ्यानं बिघडला की कळा येतात आणि ऊब दिली की शमतात, हे परीक्षेत मी कितीदा तरी लिहिलं असेल. पण ग्रंथातला गारठा हेमंत-शिशिरातला आहे. रबाळ्यात तो बाराही महिने असतो आणि त्याला लोखंडी दार असतं. औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं आणि पुढे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्यानं, दिघ्यापासून तुर्भ्याच्याही पलीकडे, कारखान्यांची रांग लागली. त्यातले बरेच जुने कारखाने बंद पडले. त्यांच्या जागी गोदामं आली, औषधांच्या पॅकिंगची युनिटं आली, संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती आल्या आणि कोल्ड स्टोरेज आली. आत उणे 18 अंश, बाहेर 35. मधे लोंबणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. दिवसातून कितीदा त्या पट्ट्या बाजूला सारायच्या, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

ही मुलगी मात्र उणे 18 मध्ये जात नव्हती. ती पॅकिंगला होती. तिथं 8-10 अंश असतात, म्हणून तिथल्या बायकांना जाड जॅकेट मिळत नाही, नुसता एप्रन आणि टोपी. आठ तास सिमेंटच्या ओल्या लादीवर उभं राहायचं. पाळीचे पहिले दोन दिवस तिला उभं राहवत नसे. मांड्यांपर्यंत कळा उतरायच्या, गाठी पडायच्या, आणि गरम पाण्याची बाटली ओटीपोटाशी धरली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दिवस राहत नाहीत म्हणून सासूची भुणभुण सुरू झाली होती.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं पर्समधून एक खोका काढून माझ्यापुढे ठेवला. "हे घेऊ का, तेवढं सांगा."

तळहाताएवढा पुठ्ठ्याचा खोका, त्यावर चिनी अक्षरं. आत चांदीसारख्या कागदाच्या पुड्या. तिच्या कंपनीत नवं पॅकिंग मशीन बसवायला चीनहून माणसं आली होती आणि त्यांच्याबरोबर एक दुभाषी बाई होती. हिला भिंतीला टेकून पोट धरून उभी असलेली पाहून त्या बाईनं आपल्या बॅगेतला खोका हिच्या हातात दिला होता. बोलणं काही झालं नाही. तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला, मग पाण्याच्या ग्लासात पुडी ओतल्याची खूण केली, बस. हिनं दोन पुड्या घेऊनही टाकल्या होत्या.

"बरं वाटलं?"

"वाटलं ना! म्हणून तर विचारायला आले."

मी एक पुडी फोडली. तपकिरी रवाळ भुकटी. वास घेतला आणि थांबलेच. तो वास मला ओळखीचा होता, पण नाव सापडेना. बडीशेप होती, दालचिनी होती, सुंठीचा झणका होता. त्याखाली धूप घातलेल्या बाळंतिणीच्या खोलीचा वास होता, आणि त्याच्याही खाली एक गोडसर, मातकट, सेलरीच्या देठासारखा वास, जो मी कधीच घेतला नव्हता.

त्या दिवशी मी तिला पुड्या थांबवायला सांगितल्या, खोका ठेवून घेतला आणि रात्री मोबाइलच्या कॅमेऱ्यानं एकेक अक्षर वाचून घेतलं. माझा एक वर्गमित्र अ‍ॅक्युपंक्चर करतो. ही सुयांची विद्या आपल्याकडे आणण्यात कोटणीसांबरोबर 1938 साली चीनला गेलेल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंचा मोठा वाटा आहे. सोलापूरचे कोटणीस तिकडेच वारले. बसू परत आले आणि पुढे 1958-59 च्या सुमारास पुन्हा जाऊन ती विद्या शिकून आले. त्या मित्रानं माझी यादी तपासून दिली. औषधाचं नाव शाओफू झूयू थांग. शाओफू म्हणजे ओटीपोट, झूयू म्हणजे साचलेलं हाकलणं, थांग म्हणजे काढा. ओटीपोटात गारठा शिरतो, त्यानं रक्त साकळतं, म्हणून कळा येतात आणि गाठी पडतात. तेव्हा आधी ऊब द्या, मग साकळलेलं हलवा, असा त्यामागचा विचार.

काढा वांग छिंगरन नावाच्या वैद्याचा. त्याचं पुस्तक 1830 साली निघालं आणि दुसऱ्या वर्षी तो गेला. त्याच्याविषयी वाचलं ते माझ्या मनातून जात नाही. 1797 साली लुआनझोउ भागात साथीनं लहान मुलं दगावत होती. गरिबांची प्रेतं उथळ पुरलेली, कुत्र्यांनी उकरलेली. जुन्या ग्रंथांतलं शरीराचं वर्णन खरं आहे का हे पाहायला हा माणूस रोज सकाळी तिथं जायचा आणि त्या उघड्या पडलेल्या देहांतले अवयव बघून टिपून ठेवायचा. त्याचे सगळे निष्कर्ष बरोबर आले नाहीत. पण पूर्वजांनी लिहिलंय म्हणून मान डोलवायची नाही, स्वतः वाकून बघायचं, हे त्या काळात करणारा वैद्य मला फार जवळचा वाटला. याच माणसानं आपल्या या काढ्याबद्दल मात्र लिहून ठेवलं की पाळीच्या पहिल्या दिवसापासून पाच दिवस घ्या, चार महिन्यांच्या आत हमखास दिवस राहतील. तिथं मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. वंध्यत्वाला हमखास हा शब्द लावणारा वैद्य कुठल्याही देशातला असो, मला त्याची भीती वाटते. कारण त्या शब्दामागे धावत पैसे आणि वर्षं घालवलेल्या बायका माझ्यासमोर बसून रडल्या आहेत.

काढ्यात दहा द्रव्यं. भाजलेली बडीशेप, तीही मुळात मोजून सात दाणे. सुंठ. दालचिनीची जाड साल. हिराबोळ. म्हणजे तो बाळंतिणीच्या खोलीचा वास हिराबोळाचा होता! आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या कोरड्या डोंगरांतला हा डिंक इकडे आपल्या बाळंतिणींपर्यंत पोचला आणि तिकडे चीनपर्यंत. मग दांगग्वेइ आणि छ्वानश्योंग ही दोन मुळं, तो सेलरीसारखा वास त्यांचा. शिवाय एका रानफुलाचा कंद, तांबड्या पिओनीचं मूळ, पाणकणसाचा पराग. आणि दहावं द्रव्य उडत्या खारीची वाळलेली विष्ठा.

यादी लिहून झाल्यावर मला आमच्या द्रव्यगुणाच्या सरांचा तास आठवला. ते ओव्याचं रोपटं मुळासकट उपटून आणायचे आणि उलटं धरून म्हणायचे, हा फुलोरा बघा, छत्रीच्या काड्या. एका बिंदूतून निघालेले देठ आणि प्रत्येकाच्या टोकाला पुन्हा छोटी छत्री. ओवा, जिरे, शहाजिरे, शेपू, बडीशेप, कोथिंबीर, हिंग, सगळे याच कुळातले. दांगग्वेइ आणि छ्वानश्योंगही त्याच कुळातली निघाली. हिंग्वाष्टक चूर्णात आठ द्रव्यं असतात : सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे, हिंग. त्यातली चार छत्रीवाली. वांगच्या दहांपैकी तीन छत्रीवाली. आणि सुंठ दोन्हीकडे. हिमालयाच्या दोन बाजूंना, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या बायकांची पोटं दुखत होती आणि वैद्य त्याच एका कुळाच्या झाडांपाशी येऊन पोचत होते. त्या रात्री मी दिवा मालवला तरी किती तरी वेळ जागी होते.

अजून एक गोष्ट याच ओघात सापडली. झांग झोंगजिंग हा चिनी वैद्यकातला फार जुना आचार्य, सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा. गारठ्यानं पोटात पिळवटतं त्यावर आणि बाळंतिणीच्या पोटदुखीवर त्यानं जे सांगितलंय ते चक्क मटणाचं सूप आहे. मटण, भरपूर आलं आणि दांगग्वेइ. हे मी माझ्या एका जुन्या पेशंटला, गोठिवलीतल्या आगरी आजींना सांगितलं. त्यांनी चार बाळंतपणं घरातच काढलेली आणि शेजारणींची किती काढली त्याची मोजदाद नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "मग यात नवीन काय गो?" आणि ओव्याची पुरचुंडी कशी करायची ते मला पुन्हा एकदा दाखवायला बसल्या. मी वैद्य असूनही त्या मला दरवेळी दाखवतात आणि मी दरवेळी बघते.

जुन्या सुती लुगड्याचा वीतभर तुकडा. नव्या कापडाला खळ असते, ती करपते. मूठभर ओवा आणि तेवढंच जाडं मीठ लोखंडी तव्यावर मंद आचेवर घ्यायचं. ओवा तडतडायच्या आधी, वास नाकात शिरला की लगेच उतरवायचा. पुरचुंडीची गाठ घट्ट मारायची नाही, आत दाण्यांना सरकायला जागा ठेवायची, म्हणजे ती ओटीपोटाच्या खळग्यात नीट बसते. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. मग बेंबीच्या खाली चार बोटांवर ठेवायची आणि दाबायची नाही, नुसती ठेवायची. बेंबीखाली चार बोटं म्हणजे चिनी वैद्य जिथं दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा वाळका पाला पेटवून धग देतात तीच जागा. हे आजींना सांगायचं मी टाळलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या असत्या.

शेकानं बरं वाटतं यात नुसतं मनाचं समाधान नाही. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यांनी स्नायू आवळतात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते. उबेनं आवळलेलं सैल होतं. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओटीपोटावर बांधलेल्या, साधारण 39 अंशांच्या उबदार पट्ट्यानं आयबुप्रोफेनच्या गोळीइतकाच आराम दिला होता. म्हणून मी गोळी देते तेव्हा शेकही सांगते, आणि शेक पुरत असेल तर गोळी देत नाही.

पण 'थंडी बसलीय' या शब्दावर विसंबून मी एकदा फार मोठी चूक केली आहे. दवाखाना सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. माल चढवायच्या धक्क्यावर काम करणारी एक बाई आली. तिशीची, दोन मुलांची आई. गारठ्यानं पोट धरलंय म्हणाली. पाळी विचारली तर "येऊन गेली, थोडंसंच गेलं अंगावरून" म्हणाली, आणि मी त्या 'थोडंसंच'पाशी थांबले नाही. बाहेर पंधरा माणसं बसली होती. मी हिंग्वाष्टक दिलं, शेक सांगितला, दोन दिवसांनी ये म्हटलं. रात्री साडेदहाला तिच्या नवऱ्याचा फोन आला. चक्कर येऊन पडली होती आणि खांदा दुखतोय म्हणत होती. खांदा म्हटल्याबरोबर माझ्या हातापायातलं बळ गेलं. पोटात रक्त साचून वर छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं, हे मला माहीत होतं. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. रिक्षातून हॉस्पिटलात नेलं, मध्यरात्री ऑपरेशन झालं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या, ती वाचली. पुढे ती मला भेटायला पेढे घेऊन आली. तो पेढा मला गिळता आला नाही.

त्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या वरच्या खणात गरोदरपणाच्या चाचणीच्या पट्ट्या असतात. ओटीपोट दुखणारी कुणीही आली, पाळी येऊन गेली म्हणो वा न म्हणो, आधी ती पट्टी. मग दुखणं एका बाजूला आहे का, ताप आहे का, लघवीला जळजळ आहे का, अंगावरून पांढरं जातंय का, दर महिन्याला वाढत चाललंय का. यातलं काही असेल तर सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. गारठ्याचा विचार त्यानंतर.

खोकेवाल्या मुलीची पट्टीही मी पहिल्याच दिवशी केली होती. एकच रेघ आली. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा मी तिला दहाही द्रव्यं वाचून दाखवली. खारीच्या विष्ठेपाशी तिनं तोंडावर पदर धरला. मी तिला सांगितलं की आपल्या ग्रंथांतही गोमूत्रापासून पुष्कळ काही आहे, तेव्हा त्यावरून त्या बाईला वाईट समजू नकोस. तिनं तुला तिच्या घरातलं औषध दिलं, आपण सुंठीची गोळी दिली असती तसं. पण तुला दिवस राहायला हवेत, आणि रक्त हलवणारी इतकी द्रव्यं पोटात असताना दिवस राहिले तर ते धोक्याचं. शिवाय खोक्यात आत खरंच काय भरलंय ते मी कॅमेऱ्यानं वाचू शकत नाही. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमारास वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी दुसरीच, अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची मुळी गेली आणि किती तरी बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. आपल्याकडची सापसंद त्याच जातीची. मुळी ओळखता येत नसेल तर पुडी फोडायची नाही, हा नियम मी माझ्या स्वतःच्या औषधांनाही लावते.

"मग मला बरं वाटलं ते खोटं?"

"खोटं कशाला? बरं वाटलंच असणार. पण मला सांग, कामावर असताना पाणी किती पितेस?"

ती गप्प झाली. आणि त्या गप्प होण्यात मला जे कळलं ते कुठल्याच काढ्यात नव्हतं. गारठ्यात लघवी जास्त होते, हे शरीराचं साधं काम आहे. कातडीकडचं रक्त आत वळतं, मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. म्हणजे थंड खोलीतल्या बाईला दर तासा-दीड तासानं जावंसं वाटणार. पण जायचं तर सुपरवायझरला सांगायचं, एप्रन, हातमोजे, बूट उतरवायचे, गोदाम ओलांडून पलीकडे जायचं, परत सगळं चढवायचं. लाइन थांबते, ठेकेदार ओरडतो. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत आणि आलेली लघवी धरून ठेवतात. तिची लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला. पाळीच्या कळा होत्याच, त्यावर हे दुसरं दुखणं येऊन बसलं होतं, आणि दोन्हींना ती एकच नाव देत होती. नाव तिनं चुकीचं दिलं नव्हतं. दोन्ही दुखणी एकाच लादीवरून वर आली होती.

संसर्गावर औषधांचा कोर्स दिला. पाळीच्या आधीच्या आठवड्यापासून जेवणाच्या पहिल्या घासाला तुपातून हिंग्वाष्टक, पहिल्या दिवशी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी आणि शेक. आणि लेटरहेडवर एक पत्र लिहिलं : या कामगार स्त्रीला उभ्यानं काम करताना अधूनमधून बसायला स्टूल मिळावं आणि लघवीला जाऊ द्यावं. 1948 च्या कारखाने अधिनियमात उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवण्याचं कलमच होतं, 44 वं. त्याचा आकडाही पत्रात घातला. ठेकेदारानं पत्र घडी करून खिशात ठेवलं. दुसऱ्या महिन्यात त्याच लाइनवरच्या चौघीजणी माझ्याकडे आल्या, चौघींना तेच पत्र दिलं. तिसऱ्या महिन्यात सहा जणी. मग दोन प्लास्टिकची स्टुलं आली, चौदा बायकांमध्ये दोन. लघवीचं म्हणाल तर अजून तसंच आहे. मी अजून पत्रं देते.

मागच्या महिन्यात संध्याकाळी घणसोलीकडून परत येत होते. त्या बायकांच्या कंपनीच्या गेटबाहेर एक चहावाला बसतो. शिफ्ट सुटायला वेळ होता, गर्दी नव्हती. त्याच्या स्टोव्हवर किटली, आणि शेजारच्या दुसऱ्या बर्नरवर उलटा तवा. तव्यावर पाच-सहा पुरचुंड्या मांडलेल्या, निरनिराळ्या रंगांच्या, प्रत्येकीच्या गाठीत वेगळ्या रंगाचा दोरा. ओव्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. मी रिक्षा थांबवून विचारलं तर तो म्हणाला, साडेपाचच्या सुट्टीत बाया पाच मिनिटं येतात, चहा घेतात, आपापली पुरचुंडी घेऊन जातात. लाल दोऱ्याची कुणाची, ते त्याला पाठ होतं.